कामगार-कपात, तडजोड आणि प्राप्तिकर

नोकरी संपुष्टात येताना मालकाकडून कामगारास जी ठोक रक्कम मिळते, ती उत्पन्न होय की नुकसानीची भरपाई, हा प्रश्न वरकरणी शाब्दिक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर त्या रकमेतील किती भाग कामगाराच्या हाती राहतो व किती भाग सरकारी तिजोरीत जातो, हे अवलंबून असते. ज्या दिवशी नियमित वेतन थांबते, त्याच दिवसाच्या या मिळकतीवर कराची आकारणी कशी होते, याचे विवेचन येथे केले आहे.

१. मूळ कल्पना

उत्पन्न म्हणजे निश्चित उगमापासून काहीशा नियमितपणे येणारा लाभ, अशी कल्पना प्रिव्ही कौन्सिलने १९३२ साली शॉ वॉलेस कंपनीच्या खटल्यात मांडली. फळ हे उत्पन्न होय. झाडच तोडले गेल्याबद्दल मिळणारी भरपाई ही भांडवली प्राप्ती होय, असा त्या विचाराचा मथितार्थ सांगता येईल. तो खटला एजन्सी संपुष्टात आल्याबद्दलच्या भरपाईचा होता. नोकरीच्या बाबतीतही १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात तत्सम तरतूद होती. केवळ नोकरी गमावल्याची भरपाई म्हणून दिलेली आणि गतसेवेचा मोबदला नसलेली रक्कम तीनुसार करपात्र वेतनात धरली जात नसे.

१९५५ च्या वित्त अधिनियमाने हा अपवाद काढून टाकला. पुढे १९६१ च्या कायद्यातील १७(३) या कलमाने नोकरी संपताना, अथवा नोकरीच्या अटी बदलताना, आजी वा माजी मालकाकडून मिळणारी कोणतीही भरपाई ‘वेतनाऐवजी मिळालेला लाभ’ ठरविली. अशा रीतीने सिद्धान्ताची दिशा उलटली. भरपाई ही मुळात करपात्र. ती करमुक्त ठरावयाची असेल तर तशी स्पष्ट तरतूद दाखविता आली पाहिजे.

२. कामगार-कपातीची भरपाई

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये १९५३ साली कामगार-कपातीसंबंधी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, आणि सहा महिन्यांहून अधिक असलेला उरलेला काळ एक वर्ष धरावयाचा, हे त्याचे मान होते. मिरज ते लातूर धावणारी बार्शी लाइट रेल्वे सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी ताब्यात घेतली, तेव्हा तिच्या कामगारांस ही भरपाई देय होते काय, असा वाद उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये नकारार्थी निर्णय दिला. चालू उद्योगातील अतिरिक्त कामगारांस कमी करणे म्हणजे कपात. उद्योगच बंद होणे किंवा हस्तांतरित होणे म्हणजे कपात नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. त्यावर १९५७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बंद पडलेल्या व हस्तांतरित झालेल्या उद्योगांतील कामगारांनाही भरपाईचा हक्क मिळाला.

प्राप्तिकराच्या क्षेत्रात मात्र या भरपाईस स्वतंत्र सूट मिळण्यास १९७५ च्या वित्त अधिनियमाची वाट पाहावी लागली. त्याने घातलेले १०(१०ब) हे उपकलम १ एप्रिल १९७६ पासून अमलात आले. त्यानुसार तीन रकमा विचारात घेतल्या जातात : प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, वर सांगितलेल्या मानाने येणारी रक्कम आणि शासनाने अधिसूचित केलेली कमाल मर्यादा. यांतील सर्वांत लहान रक्कम करमुक्त ठरते. उद्योग बंद पडल्याने वा प्रतिकूल अटींवर हस्तांतरित झाल्याने मिळणारी भरपाईही या सुटीस पात्र ठरते. १ जानेवारी १९९७ पासून कमाल मर्यादा ५,००,००० रुपये झाली.

एक उदाहरण घेऊ. एका कामगाराचे सरासरी मासिक वेतन ३०,००० रुपये व सेवा वीस वर्षे सात महिने आहे. सेवा एकवीस वर्षे धरली जाईल. पंधरा दिवसांचे वेतन १५,००० रुपये. म्हणून वैधानिक रक्कम ३,१५,००० रुपये होते. वाटाघाटीत संघटनेने ६,००,००० रुपये मिळवून दिले, तर ३,१५,००० रुपये करमुक्त आणि उरलेले २,८५,००० रुपये करपात्र ठरतील. आता वेतन ६०,००० रुपये असल्याची कल्पना करावी. वैधानिक रक्कमच ६,३०,००० रुपये होते आणि तीतील १,३०,००० रुपये करपात्र ठरतात. म्हणजे कायद्याने जी किमान भरपाई देणे मालकास बंधनकारक आहे, तिच्यावरच दुसरा कायदा कर बसवितो. १९९७ साली हा प्रसंग क्वचितच उद्भवत असेल. वेतनमान वाढत गेले आणि मर्यादा होती तेथेच राहिली, यामुळे तो आता विरळ राहिलेला नाही.

३. स्वेच्छानिवृत्ती व तडजोड

वरील सूट औद्योगिक कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारापुरतीच आहे. व्यवस्थापकीय नोकरास ती लाभत नाही. स्वेच्छेने निवृत्त होणे हीदेखील कपात नव्हे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरणी कामगार स्वेच्छानिवृत्तीच्या मार्गानेच बाहेर पडले. त्यासाठी १९८७ साली आलेले १०(१०क) हे वेगळे उपकलम आहे. त्याचीही मर्यादा ५,००,००० रुपये. योजना मात्र नियमांस धरून हवी : दहा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षांचे वय पूर्ण असावे, एकूण नोकरवर्ग घटावा आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरली जाऊ नये. ही सूट आयुष्यात एकदाच मिळते.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे. वाद मिटविण्यासाठी कामगार राजीनामा लिहून देतो व मालक ठोक रक्कम देतो. अशा तडजोडीत कपात नाही आणि मान्य योजनाही नाही. त्यामुळे दोन्ही सुटींचे दार बंद होते. थकलेले वेतन तडजोडीत मिळाल्यास ते मिळाल्या वर्षी करपात्र होते. मात्र कलम ८९ नुसार ते ज्या ज्या वर्षांचे असेल त्या त्या वर्षांत विभागून कराचा वाढीव बोजा हलका करता येतो. नोकरी संपल्याच्या भरपाईसही ही सवलत मिळू शकते. तीसाठी किमान तीन वर्षांची सेवा झालेली आणि नोकरीची किमान तीन वर्षे शिल्लक असावी लागतात. मग भरपाईचा एक-तृतीयांश भाग मागील तीन वर्षांपैकी प्रत्येकाच्या उत्पन्नात मिळवून सरासरी दर काढला जातो. स्वेच्छानिवृत्तीची सूट व ही सवलत या दोन्ही एकत्र घेता येत नाहीत.

एकाच धनादेशात ग्रॅच्युइटी, रजावेतन व भविष्य निर्वाह निधी यांच्या रकमा मिसळल्या असल्या, तरी प्रत्येकीचे नियम निराळे आहेत. निधीची रक्कम करमुक्त होण्यास सामान्यतः पाच वर्षांची सेवा लागते. परंतु मालकाचा उद्योग बंद पडल्याने नोकरी गेली असल्यास ही अट शिथिल होते. म्हणूनच तडजोडीच्या लेखात प्रत्येक रकमेचे नाव वेगळे नोंदविणे हितावह ठरते.

४. समारोप

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि १९४७ चा कायदा निरस्त झाला. पंधरा दिवसांचे मान संहितेने कायम ठेवले असून शासनास ते बदलण्याचा अधिकार दिला आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने या सुटी वेतनातील वजावटींच्या तक्त्यात एकत्र आणल्या. मांडणी सुलभ झाली. तत्त्व मात्र बदलले नाही. नोकरी कोणत्या नावाने संपली यावर कर ठरतो, ती गेल्याने किती हानी झाली यावर नव्हे. कामगार सही करतो तेव्हा बहुधा त्याचे लक्ष आकड्याकडे असते. कराच्या दृष्टीने मात्र त्या आकड्यावरील मथळाच अधिक निर्णायक असतो.