ठेकेदार, पोटठेकेदार आणि कराराचा कागद

इमारत डोळ्यांना एक दिसते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती अनेक करारांची उतरंड असते. जागेचा मालक मुख्य ठेकेदाराशी करार करतो. ठेकेदार पायाखोदाई एकाला, सेंट्रिंग दुसऱ्याला, गिलावा तिसऱ्याला आणि फरशी चौथ्याला देतो. या चौथ्याने आपले कारागीर आणखी कोणा मुकादमामार्फत आणलेले असतात. काम चालू असताना ही सारी माणसे एकाच किटलीतला चहा घेतात आणि एकमेकांस भाऊ, शेठ, मिस्त्री अशा नावांनी हाक मारतात. पैसे थकले म्हणजे मात्र या आपलेपणाचा काही उपयोग होत नाही.

समजा, एका इमारतीची फरशी बसवून झाली. दर बरासावर ठरला होता, तोही तोंडी. मालकाने मुख्य ठेकेदाराचे बिल चुकते केले आणि ठेकेदाराने ती रक्कम आपल्या दुसऱ्या अडलेल्या कामाकडे वळविली. फरशीवाल्यास साहजिकच वाटते की, ज्याचे पाय रोज त्या फरशीवरून फिरतात त्याच्याकडेच पैसे मागावेत. परंतु सामान्यतः त्याला तसे मागता येत नाहीत. करार ज्या दोघांत झाला, त्या दोघांनाच त्याखालील हक्क सांगता येतात. मालकाने थेट पैसे देण्याची हमी घेतली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी फरशीवाल्याचा ऋणको ठेकेदार, मालक नव्हे. सरकारी कामांत ही अडचण आणखी वाढते. तेथील करारनाम्यांत इंजिनिअरच्या लेखी संमतीवाचून काम दुसऱ्यास देण्यास बहुधा मनाईच असते. काम तर दुसराच करीत असतो. पण कागदोपत्री तो कोठेच नसतो.

कायद्याने या साखळीतील एक कडी ओलांडू दिली आहे, ती मजुरासाठी. कंत्राटी कामगारांविषयीच्या 1970 च्या कायद्याने असे ठरविले की, ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यावी आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. ठराविक संख्येहून अधिक मजूर असलेल्या कामांपुरतीच ही तरतूद होती. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या 2020 च्या संहितेतही तिचे तत्त्व राखलेले आहे. म्हणजे फरशी बसविणाऱ्या कारागिराची मजुरी वरच्या कडीकडे मागता येते. त्याला कामावर आणणाऱ्या पोटठेकेदाराचा सिमेंटचा खर्च, यंत्राचे भाडे किंवा नफा मागता येत नाही. हा भेद सकारण आहे. तरीही लहान पोटठेकेदार हा पुष्कळदा स्वतःच थापी हाती घेणारा मिस्त्री असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तो काहीसा कठोर वाटतो.

तोंडी करार कायद्यात टिकत नाही, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यास प्रत्येक करार लेखी असावा असे अभिप्रेत नाही. तोंडी करारही बंधनकारक असतो. अडचण असते ती पुराव्याची. आणि करार मुळी सिद्धच झाला नाही, किंवा कायद्याने निरर्थक ठरला, तरीही केलेले काम वाया जाऊ नये यासाठी त्याच कायद्यात 70 वे कलम आहे. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने बी. के. मंडल यांच्या खटल्यात उलगडून दाखविला. 1944 साली बंगालमधील आरामबाग येथे सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून या ठेकेदारांनी पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर, कच्चा रस्ता अशी कामे करून दिली. राज्यपालांच्या नावे रीतसर करार मात्र झालेला नव्हता, आणि 1935 च्या कायद्याप्रमाणे त्यावाचून सरकारवर कराराचे बंधन येत नव्हते. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निकालात म्हटले की, काम कायदेशीरपणे केलेले असेल, फुकट करण्याचा हेतू नसेल आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला असेल, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. नको असलेले काम त्यास नाकारता आले असते. स्वीकारून वापरल्यावर पैसे टाळता येत नाहीत.

मात्र हा आसरा अपुरा आहे. या कलमाखाली ठरलेला दर मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते. आणि आपल्या फरशीवाल्याने काम ठेकेदारासाठी केलेले असल्याने, मालकास लाभ झाला एवढ्यावरून ते मालकाविरुद्ध सहसा चालत नाही.

उशीर हे पैसे कापण्याचे दुसरे निमित्त. नाशिकच्या डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलापाशी, आळंदी नदीवर जलसेतू बांधण्याचे काम 1955 च्या जुलैत बारा महिन्यांच्या मुदतीने देण्यात आले. जुलै म्हणजे ऐन पावसाळा. ठेकेदारांचे म्हणणे असे की, पाऊस आणि रस्त्याचा अभाव यांमुळे कामास हातच घालता येईना. मुदत संपल्यावर 1956 च्या ऑगस्टमध्ये सरकारने करार रद्द केला. न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्या निकालाने हे रद्द करणे गैर ठरले. ज्या करारात मुदतवाढीची आणि दिरंगाईबद्दल दंडाची तरतूद आहे, त्यात ठरलेली तारीख हा कराराचा प्राण मानता येत नाही. तो मोडण्यापूर्वी नोटिशीने वाजवी मुदत द्यावयास हवी. तत्त्व उत्तम आहे. पण हा निकाल 1979 साली लागला. तोवर तेवीस वर्षे उलटली होती. लहान माणसास इतकी वर्षे कोर्टात काढता येत नाहीत, हे समोरच्यास पक्के ठाऊक असते.

म्हणूनच शेवटच्या बिलाच्या वेळी ‘आता काही येणे राहिले नाही’ अशा बेबाकीच्या दाखल्यावर सही मागितली जाते. सही नाही तर धनादेश नाही. अशी सही करून लागलीच लेखी हरकत घेणाऱ्या ठेकेदारांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली रेश्मी कन्स्ट्रक्शन्सच्या खटल्यात विचारात घेतले आणि वाद लवादापुढे जाऊ दिला. तेथे उपयोगी पडले ते सहीनंतरचे पत्र. साध्या चिठ्ठीवर लिहिलेला दर, दर आठवड्याला दोघांच्या सह्यांनिशी घेतलेली मोजणी, जादा कामाचा हुकूम लेखी मागणारे दोन ओळींचे टिपण, यांचे मोल असेच असते. पायातले काँक्रीट एकदा मातीखाली गेले की, त्याची खोली त्या मोजणीवाचून कोणालाच सांगता येत नाही.

आणि या सर्वांस मुदतीची मर्यादा आहे. पैसे केव्हा द्यावयाचे हे ठरलेले नसेल, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे काम झाल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. या तीन वर्षांत देणेकऱ्याने देणे लेखी कबूल केले, किंवा काही रक्कम देऊन तशी सहीनिशी नोंद केली, तर मुदत तेथून नव्याने मोजली जाते. ‘पुढच्या बिलात पाहू’ या तोंडी आश्वासनाने ती मोजली जात नाही.