बारीक अक्षरं वाचा

मुरुमांवरच्या मलमाच्या ट्यूबवर कंपनीचं नाव ठळक असतं, औषधाचं बारीक. माझ्या भाच्यांना मी सांगतो, ते बारीक नाव आधी वाचा. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं; अ‍ॅडापलीन बुजलेली रंध्रं मोकळी करतं. औषध आणि प्रमाण तेच असेल, तर स्वस्त जेनेरिक ट्यूबही तेच काम करते.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं पुरतं; १० टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. ओढणीचा, उशीच्या अभ्र्याचा रंगही उडतो. अ‍ॅडापलीन डॉक्टरांना विचारूनच, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं घेऊन पातळ पसरावं. गरोदरपणी लावू नये. सुरुवातीला त्वचा सोलते. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

याच काळात धीर सुटतो आणि कुणीतरी ‘गोरं करणारी’ ट्यूब हातात देतं. तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड. चार दिवस चेहरा उजळतो; पुढे कातडी पातळ होते आणि मुरुमं जोरानं उठतात. खड्डे पडत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. चेहरा गोरा नाही, बरा करायचा आहे.