हवाई बंदूक व परसातील पीडक-नियंत्रण
हवाई बंदूक : संपीडित हवेच्या अथवा अन्य वायूच्या दाबाने लहान छर्रा नळीतून वेगाने बाहेर फेकणारे शस्त्र. यात दारूचा वापर होत नाही, म्हणून आवाज व धक्का कमी असतो आणि दारूगोळ्याचा खर्च येत नाही. सामान्य व्यवहारात हिला ‘छर्‍याची बंदूक’ किंवा ‘एअर गन’ असे म्हणतात. नेमबाजीचा सराव व क्रीडास्पर्धा हा तिचा मुख्य उपयोग असला, तरी यूरोप व अमेरिकेत घराभोवतीचे परस, बागा, धान्यकोठारे व कुक्कुटपालनाच्या जागा येथील उंदीर, खारी, पारवे इ. पीडक प्राण्यांच्या नियंत्रणासाठीही ती वापरतात. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या उपयोगाच्या कायदेशीर व सुरक्षिततेच्या बाजूंचे विवेचन केले आहे. शस्त्र बाळगण्याची मुभा, विशिष्ट प्राणी मारण्याची मुभा आणि विशिष्ट जागी छर्रा झाडण्याची मुभा या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप मिळाल्या, या समजुतीतून बहुतेक गुन्हे व अपघात घडतात.

इतिहास : यांत्रिक रचनेच्या हवाई बंदुकीचा सर्वांत जुना उपलब्ध नमुना सु. १५८० मधील असून तो स्टॉकहोम येथील राजशस्त्रागाराच्या संग्रहालयात आहे. सु. १७८० मध्ये बार्तोलोमेओ गिरार्डोनी यांनी तयार केलेली, दस्त्यात हवेची टाकी असलेली अनेकबारी बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्याने काही काळ वापरली. लूइस व क्लार्क यांच्या अमेरिकेतील मोहिमेतही (१८०४–०६) हवाई बंदूक होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्मिंगहॅम येथील कारखान्यांतून स्प्रिंगच्या बंदुका मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या आणि हे शस्त्र सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचले. १० मी. हवाई रायफल हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिक सामन्यांत आहे. याच प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंग येथे सुवर्णपदक मिळविले.

रचना व प्रकार : स्प्रिंगच्या बंदुकीत नळी किंवा तरफ मोडून स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबाने छर्रा सुटतो. काही बंदुकांत स्प्रिंगऐवजी बंदिस्त वायूचा दट्ट्या असतो. दुसऱ्या प्रकारात कार्बन डाय-ऑक्साइडाची लहान कुपी वापरतात. तापमान उतरले की तिचा दाब व म्हणून छर्‍याचा वेगही उतरतो. तिसऱ्या प्रकारात सु. २०० बार इतक्या दाबाने आधीच भरून ठेवलेल्या हवेची टाकी असते. हिला धक्का जवळजवळ नसल्याने नेम स्थिर राहतो. मात्र टाकी, झडपा व भरणी यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. छर्रे बहुधा शिशाचे, कमरेत बारीक व मागे पोकळ असे असतात. ४·५ मिमी. व ५·५ मिमी. हे त्यांचे प्रचलित व्यास होत. पोलादी गोल गोळ्या कठीण पृष्ठभागावरून उसळून परत येतात, म्हणून त्या पीडक-नियंत्रणास अयोग्य मानल्या जातात.

ऊर्जा व मारकता : शस्त्राची शक्ती नळीच्या तोंडाशी असलेल्या छर्‍याच्या गतिज ऊर्जेवरून ठरवितात. सु. ०·५२ ग्रॅ. वजनाचा ४·५ मिमी. व्यासाचा छर्रा सेकंदास २५० मी. वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सु. १६ ज्यूल (१२ फूट-पौंड) भरते. मानवी त्वचा भेदण्यास सेकंदास सु. १०० मी. हा वेग पुरतो. डोळ्याला तर याहून पुष्कळच कमी वेगाने कायमची इजा होते. अधिकाधिक कोनात झाडलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. बहुतेक परसांची लांबी याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते. म्हणून हे खेळणे नसून शस्त्र आहे, ही जाणीव पुढील सर्व नियमांच्या मुळाशी आहे.

ब्रिटनमधील कायदा : परसातील पीडक-नियंत्रणाची प्रथा ब्रिटनमध्ये जुनी असून तेथील कायदाही तपशीलवार आहे. १९६८ चा अग्निशस्त्र कायदा व त्याखालील १९६९ चे नियम यांनुसार इंग्लंड व वेल्समध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतची हवाई रायफल व ६ फूट-पौंडांपर्यंतचे हवाई पिस्तूल यांना परवाना लागत नाही. त्याहून शक्तिमान रायफल बाळगण्यास अग्निशस्त्राचे प्रमाणपत्र आवश्यक असते. स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या हवाई बंदुकीलाही परवाना लागतो, तर उत्तर आयर्लंडमध्ये १ ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या शस्त्राला प्रमाणपत्र लागते. १८ वर्षांखालील व्यक्तीस हवाई बंदूक विकता येत नाही. तसेच मुलांच्या हाती ती पडू नये म्हणून वाजवी खबरदारी घेण्याचे बंधन २०१० च्या कायद्याने मालकावर घातले आहे.

जागेविषयीचे नियम तितकेच महत्त्वाचे आहेत. ज्या जागेत बंदूक चालविण्याची परवानगी आहे, तिच्या हद्दीबाहेर छर्रा जाऊ देणे हा तेथे गुन्हा आहे. शेजाऱ्याची हरकत नसल्यास हा प्रश्न उद्‌भवत नाही. पण ती संमती आधी घ्यावी लागते. मार्गाच्या मध्यापासून ५० फुटांच्या (सु. १५ मी.) आत बंदूक झाडल्याने वाटसरूस इजा वा अडथळा झाला, तर तोही गुन्हा होतो. वाजवी कारणाविना सार्वजनिक जागी हवाई बंदूक बाळगण्यास मनाई असून ती भरलेली नाही हा बचाव होऊ शकत नाही.

प्राण्यांविषयी १९८१ च्या वन्य जीव व ग्रामीण परिसर कायद्याचे मूळ तत्त्व असे, की सर्व वन्य पक्षी संरक्षित आहेत. पिकांची गंभीर हानी, सार्वजनिक आरोग्य अशा ठराविक कारणांसाठी काही जातींपुरती सर्वसाधारण अनुज्ञप्ती दिली जाते व तिच्या अटी वेळोवेळी बदलतात. एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडमधील अशा तीन अनुज्ञप्ती न्यायालयीन आव्हानानंतर एकाएकी मागे घेण्यात आल्या व नव्या अटींसह पुन्हा काढाव्या लागल्या. पक्षी आवाज करतात किंवा अंगण घाण करतात, एवढे कारण त्यांना मारण्यास पुरत नाही. घरउंदीर व परदेशातून आलेली करडी खार यांना असे संरक्षण नाही. परंतु स्थानिक तांबडी खार संरक्षित आहे. करड्या खारीच्या अंगावर कधीकधी तांबूस छटा असते, त्यामुळे अचूक ओळख पटल्याखेरीज चाप ओढणे धोक्याचे ठरते. असंरक्षित प्राण्यासही अकारण यातना देणे हा गुन्हाच आहे.

भारतातील कायदा : भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. पूर्वी पाच फुटांवरून झाडलेला छर्रा एक इंच जाडीच्या लाकडी फळीतून आरपार जात नसेल, तर त्या हवाई बंदुकीस परवान्यातून सूट मिळे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ऊर्जा व व्यास यांची मर्यादा घातली : २० ज्यूल (१५ फूट-पौंड) पेक्षा अधिक ऊर्जेच्या वा ४·५ मिमी. पेक्षा अधिक व्यासाच्या हवाई शस्त्रास परवाना लागतो. ब्रिटनमध्ये सर्रास वापरली जाणारी ५·५ मिमी. व्यासाची बंदूक म्हणून येथे परवान्याविना बाळगता येत नाही.

परवान्यातील ही सूट केवळ शस्त्रापुरती आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच जखमी करणे, पकडणे, तसा प्रयत्न करणे आणि पक्ष्यांची अंडी वा घरटी यांची नासधूस करणे यांचाही समावेश होतो. या अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी हे ‘उपद्रवी प्राणी’ म्हणून नोंदले होते. कावळ्यावर छर्रा झाडण्यास हरकत नाही, ही समजूत त्यातूनच रूढ झाली. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची गाळली गेली व १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अंमलात आली. आता एखादी जात विशिष्ट प्रदेशासाठी व मुदतीसाठी उपद्रवी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आहे. म्हणून जुन्या यादीवर विसंबता येत नाही. पहिल्या व दुसऱ्या अनुसूची प्रत्यक्ष पाहूनच निर्णय करावा लागतो. पेरू-आंब्यांवर येणारा पोपट किंवा भाजीचा वाफा विसकटणारा मोर परसातील नुकसानीस कारण होत असला, तरी त्यावर बंदूक रोखणे हा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रु. दंड अशी शिक्षा आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याविषयी मुख्य वन्यजीव रक्षक वा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. त्यासाठी अर्ज करणे हाच मार्ग आहे.

पाळीव व भटकी जनावरेही यातून सुटत नाहीत. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये प्राण्यास अनावश्यक यातना देणे दंडनीय आहे. कोणताही प्राणी ठार वा पंगू करून नुकसान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) ३२५ व्या कलमाखालील गुन्हा आहे, तर निष्काळजीपणाने दुसऱ्याचे जीवित धोक्यात आणणाऱ्या कृत्यास कलम १२५ लागू होते. भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण हाच विहित उपाय आहे. पक्ष्यांच्या शिकारीत हवाई बंदुकीचा वाटा किती मोठा असू शकतो, हे ओळखून अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातून अशा बंदुका स्वेच्छेने शासनाकडे जमा करण्याची मोहीम सुरू झाली.

सुरक्षितता : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हाताळावी, नळीचे तोंड माणसाकडे वा घराकडे कधीही वळवू नये, नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. नळी मोडून भरावयाच्या बंदुकीत छर्रा बसविताना नळी घट्ट धरून ठेवावी, अन्यथा ती एकाएकी मिटून बोटे चिरडतात. छर्रा झाडण्यापूर्वी लक्ष्याच्या मागे काय आहे हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. लक्ष्य चुकले किंवा छर्रा आरपार गेला, तरी तो मऊ मातीच्या उतारात, वाळूच्या पोत्यांत वा तत्सम अडथळ्यात थांबला पाहिजे. दगडी भिंत, फरशी, पत्रा व पाणी यांवरून छर्रा उसळतो. कुंपणाची झुडपे छर्रा अडवीत नाहीत. छपरावरील वा फांदीवरील प्राण्यावर वर रोखून झाडलेला छर्रा चुकल्यास कोठे पडेल हे सांगता येत नाही. याउलट वरच्या मजल्यावरून खाली जमिनीच्या दिशेने झाडलेला छर्रा मातीत जातो. दुर्बीण नळीच्या सु. ४ सेंमी. वर बसविलेली असते. त्यामुळे दुर्बिणीतून वाट मोकळी दिसत असता नळीसमोर खिडकीची चौकट आडवी असणे शक्य असते. वापरणाऱ्याने व जवळ उभे राहणाऱ्यांनी संरक्षक चष्मा लावावा. काम संपताच बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी व छर्रे वेगळ्या जागी ठेवावेत.

वेदनारहित वध : लहान प्राणी तत्काळ मरण्यासाठी छर्रा मेंदूत बसावा लागतो. हे क्षेत्र पीडक प्राण्यांत जेमतेम २–३ सेंमी. व्यासाचे, उंदरात त्याहूनही लहान असते. ज्या अंतरावरून सर्व छर्रे एवढ्या वर्तुळात बसतात, तेच त्या नेमबाजाचे कमाल अंतर होय. निष्णातांच्या बाबतीतही ते साधारणतः ३० मी. च्या पुढे जात नाही. कागदी लक्ष्यावर हे सिद्ध केल्याखेरीज प्राण्यावर बंदूक रोखू नये. वारा, अंधूक प्रकाश किंवा हलता प्राणी असल्यास चाप न ओढणे श्रेयस्कर. जखमी प्राण्याचा माग काढून त्याच्या यातना तत्काळ संपविणे हे झाडणाऱ्याचे कर्तव्य आहे. माकड, रानडुक्कर, कुत्रा यांसारख्या मोठ्या प्राण्यांस हवाई बंदुकीने सहसा तत्काळ मरण येत नाही; त्यांना बहुधा चिघळणारी जखम होते. ‘घाबरविण्यासाठी’ त्यांवर छर्रा झाडणे क्रूर व बेकायदेशीर आहे.

शिसे व विल्हेवाट : शिसे विषारी आहे. छर्रे तोंडात धरू नयेत व हाताळल्यावर हात धुवावेत. जेथे कोंबड्या चरतात तेथे छर्रे पडू देऊ नयेत. त्या खड्यांबरोबर ते गिळतात. छर्रा लागून मेलेला उंदीर उघड्यावर राहिल्यास घुबड, घार वा मांजर यांच्या पोटात शिसे जाते. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. म्हणून मृत प्राणी हातमोजे घालून उचलावा व खोल पुरावा.

मर्यादा व पर्याय : हवाई बंदूक एकेक प्राणी कमी करते, तो जेथून येतो ते कारण कमी करीत नाही. उंदराचा गर्भावधी सु. तीन आठवड्यांचा असून एका वेतात सहा ते बारा पिले होतात [→ उंदीर]. अन्न, पाणी व लपण कायम असेल, तर मारलेल्या उंदरांची जागा थोड्याच काळात भरून निघते. म्हणून झाकणाचे कचरापात्र, उंचावरील बंद धान्यकोठी, भिंतीतील भोकांना बारीक जाळी व सिमेंट, फळझाडांना जाळी, पारव्यांच्या बसण्याच्या जागा बंद करणे आणि सापळे हे उपाय आधी योजावे लागतात. ब्रिटनमधील अनुज्ञप्तीतही इतर उपायांचा आधी विचार झाला असावा, अशी अपेक्षा असते. हे उपाय करूनही उरणारे मोजके उंदीर, तेही कायद्याने मुभा असलेल्या ठिकाणी, मागे मातीचा भक्कम आडोसा असताना व कुशल हातांनी टिपणे, एवढेच या शस्त्राचे पीडक-नियंत्रणातील खरे क्षेत्र होय. भारतातील दाट वस्तीच्या परसांत या सर्व अटी एकत्र पूर्ण होणे क्वचितच शक्य असते. तेथे जाळी व सापळा हेच अधिक परिणामकारक व निर्धोक उपाय ठरतात.