गोळीचा रंग आणि मुंबईची हवा

लालबाग-परळच्या कापडगिरण्यांना मुंबईची दमट हवा मानवली, कारण कोरड्या हवेत तुटणारे सूत दमटपणात तग धरते. परंतु १९३५ साली सिप्लाची स्थापना झाल्यापासून औषधनिर्मितीतही नावारूपास आलेल्या या शहरात, गोळ्यांवर लेप चढविणाऱ्या कारखानदारास त्याच हवेविरुद्ध पावसाळाभर कडेकोट तजवीज करावी लागते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारापासून दादरच्या गल्लीतील दुकानापर्यंत याबाबत जे समज रूढ आहेत, ते तपासून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : गोळीवर डाग पडला, म्हणजे रंग हलक्या प्रतीचा होता.
वस्तुस्थिती : पुष्कळदा दोषाचे मूळ गाभ्यात असते. काही अमाइनयुक्त औषधे आणि लॅक्टोज ही शर्करा ओल व उष्णता यांच्या सान्निध्यात आली, की दूध आटविताना येते तशी तपकिरी छटा उमटते. क जीवनसत्त्व आणि फेरस सल्फेट हेही प्राणवायूच्या क्रियेने रंग पालटतात. म्हणून लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल योजणे, लेपापूर्वी गाभा नीट वाळविणे आणि पाण्याबरोबर सरकणाऱ्या विद्राव्य रंगाऐवजी अविद्राव्य रंगद्रव्य वापरणे, हे उपाय आधी योजावे लागतात.

गैरसमज : हवा तापविली, की ती कोरडी होते.
वस्तुस्थिती : ३० अंश सेल्सियस तपमान आणि ९० टक्के आर्द्रता असता एक किलो कोरड्या हवेमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते, आणि ती हवा कितीही तापविली तरी त्यातील एक ग्रॅमही कमी होत नाही. परिणामी लेप सावकाश वाळतो, ओल गाभ्यात मुरते आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी साचतो. यावर उतावीळपणे उष्णता वाढविली, तर लेपाच्या फवाऱ्याचे थेंब गोळीवर बसण्यापूर्वीच सुकून पृष्ठभाग खडबडीत होतो. यास्तव हवा प्रथम दवबिंदूखाली थंड करून, अथवा शोषक द्रव्यावरून नेऊन, तिच्यातील बाष्प काढावे आणि मगच ती तापवावी.

गैरसमज : लेप चढला, की गोळी अभेद्य झाली.
वस्तुस्थिती : पाण्यात विरघळणारा नेहमीचा पातळ लेप बाष्पाला पुरता अडवीत नाही. त्यातील टायटॅनियम डायऑक्साइड निफेडिपीनसारख्या प्रकाशभीरू औषधांना आडोसा देते, पण ओलीपासून खरे संरक्षण ॲल्युमिनियमच्या वेष्टनाचे. सबब गोळ्या वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवू नयेत.

गैरसमज : रंग बदलला तरी गुण तोच.
वस्तुस्थिती : बदल वरवरचा की औषधाच्या विघटनाचा, याचा निवाडा डोळ्यांनी होत नाही. ॲस्पिरिन ओलीने सॅलिसिलिक आणि ॲसेटिक आम्लांत मोडते, ते तर रंग न पालटताही घडू शकते. म्हणून रंग बदललेली गोळी न घेता, बॅच क्रमांक असलेल्या वेष्टनासह औषधविक्रेत्याला दाखवावी. कारण ती तक्रार कारखान्याच्या दफ्तरी पोहोचली, तरच त्या बॅचची चौकशी होऊन इतर रुग्णांचे रक्षण होऊ शकते.