‘हो’ म्हणजे कबुली नव्हे

न केलेला गुन्हा कुणी कबूल का करेल? गिस्ली गुडजॉन्सन यांनी उभं आयुष्य याच प्रश्नाला दिलं. मानसशास्त्रज्ञ होण्याआधी ते आइसलंडमध्ये पोलीस होते. दारूमुळे काही आठवत नसलेल्या एका माणसाने त्यांच्यापुढे पर्स चोरल्याचं कबूल केलं. नंतर कळलं, पर्स चोरीला गेलीच नव्हती!

पुढे लंडनमध्ये, १९८४ साली, त्यांनी एक मोजपट्टी मांडली. सूचक प्रश्नांपुढे, दबावापुढे माणूस किती वाकतो, हे तिने मोजता येतं. थकलेला माणूस आधी सुटकेसाठी ‘हो’ म्हणतो. कधी तर त्याचा स्वतःच्या आठवणीवरचाच विश्वास उडतो. तत्त्वज्ञानात आम्ही स्मृतीला ज्ञानाचा आधार मानतो. तो आधार चौकशीच्या खोलीत असा निसटतो.

पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही, हा आपला १८७२ पासूनचा नियम. १९९९ चा मकोका त्याला अपवाद. मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात असेच कबुलीजबाब होते. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ते अविश्वसनीय मानले आणि बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. अटकेला तेव्हा १९ वर्षं होत आली होती. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे.

आता भामरागडचा विचार करा. माडिया बोलणाऱ्याला मराठीत लिहिलेला जबाब वाचून दाखवला, ‘समजलं ना?’ विचारलं, तर तो ‘हो’च म्हणेल. म्हणून काय कबूल केलं, याआधी आपण विचारायला हवं: कोणत्या भाषेत, किती तासांनी, सोबत कोण होतं?