असं का होतं? : जुन्या जीपची सीट अडून का बसते?

सामान भरण्यासाठी मागची सीट दुमडायला जावं, तर खटका ओढूनही ती जागची हलत नाही. जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत हे हमखास घडतं.

सीटखालच्या कुलपातला आकडा गाडीच्या तळाला बसवलेल्या जाड सळईला पकडतो. तो उलटा फिरू नये म्हणून एक छोटी खिट्टी स्प्रिंगच्या जोरावर त्याला टेकलेली असते. खटका ओढला की केबल या खिट्टीला बाजूला सारते. पण कच्च्या रस्त्यावरची धूळ ग्रीसमध्ये मिसळून घट्ट राप बनतो, केबल नळीच्या आत गंजते. त्यात सीट सळईला ताणून धरत असेल, तर खिट्टीवर दाब येतो. दाब वाढला की घर्षणही वाढतं.

फुगलेल्या दाराची कडी काढताना आपण आधी दार दाबतो ना, तेच इथे करायचं. एकाने सीट कुलपाच्या दिशेने दाबायची, दुसऱ्याने त्याच क्षणी खटका ओढायचा. हिसडे मात्र मुळीच देऊ नका. केबल टोकाशी तुटली तर काम फार वाढतं.

सुटल्यावर गंज सोडवणारं तेल मारून राप ब्रशने काढा, मगच ग्रीसचा पातळ हात द्या. सीट परत लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरने आकडा बंद करून खटका ओढा. तो टक्कन उघडला पाहिजे.