जामखेडच्या आरोग्य कार्यकर्ती आणि नित्याच्या कामाचा अर्थ

जामखेड तालुक्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत प्रामुख्याने दोन कारणांनी येतो: 1725 मध्ये अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म या तालुक्यातील चौंडी येथे झाला आणि 1795 मध्ये मराठे व निजाम यांच्यातील लढाई खर्ड्याजवळ झाली. मात्र ज्यांच्या आयुष्यात असे काहीच घडत नाही, त्यांच्या दिवसांना अर्थ कशाने येतो, या प्रश्नाचा विचार करण्यासाठीही हाच तालुका उपयोगी पडतो.

जीवनाच्या अर्थाविषयी संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ त्याचे साधारणपणे तीन घटक मानतात. आयुष्यातील गोष्टींचा एकमेकींशी मेळ लागणे ही सुसंगती, पुढे काहीतरी साधायचे आहे ही जाणीव म्हणजे उद्दिष्ट, आणि आपल्या असण्या-नसण्याने कोणाला तरी फरक पडतो हा विश्वास म्हणजे महत्त्व. अमेरिकेतील सामंथा हाइन्ट्झेलमन व लॉरा किंग यांच्या अभ्यासात नित्यक्रम पाळणे आणि जीवन अर्थपूर्ण वाटणे यांचा संबंध दिसून आला. हे निष्कर्ष जामखेडला लावून पाहताना मात्र सावध राहावे लागते, कारण या पर्जन्यछायेतील गावांत बायकांच्या आयुष्यात नित्यक्रमाची वाण कधीच नव्हती. पाणी भरणे, सरपण गोळा करणे, खुरपणीला जाणे आणि अनेक घरांत मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालतच होता. उणीव होती ती तिसऱ्या घटकाची, म्हणजे त्या कष्टांना आणि ते उपसणाऱ्या बाईला कोणी मोजण्याची. साध्या जीवनाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात हा भेद सहसा निसटतो.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोर येथे वैद्यकशास्त्र शिकलेल्या दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रारंभीचा प्रयत्न फारसा यशस्वी झाला नाही, तेव्हा गावातल्याच बायकांना हे काम शिकवावे असा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित होत्या. प्रशिक्षणासाठी त्या नियमितपणे जामखेडला येत, एकत्र जेवत व एकाच ठिकाणी झोपत, आणि शिवाशिव पाळणाऱ्या समाजात हा मुक्काम पाठातील कोणत्याही विषयाइतकाच मोठा धडा होता.

गावी परतल्यावर त्यांचे काम दिसायला अगदी किरकोळ असे. लहान मुलांचे वजन करणे, गरोदर बाईची विचारपूस करणे, अंगावर बधिर चट्टा असणाऱ्याला कुष्ठरोगाच्या उपचारासाठी तयार करणे, आणि जुलाब लागलेल्या मुलाच्या आईला जलसंजीवनी तयार करून दाखवणे, असे त्याचे स्वरूप होते. जलसंजीवनी म्हणजे शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणारे पेय. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवले की ते तयार होते. त्यात मीठ जास्त पडले तर ते बाळाला अपायकारक ठरते, म्हणून आईने ते आधी स्वतः चाखून पाहावे आणि अश्रूंपेक्षा खारट लागल्यास टाकून द्यावे, असे शिकवले जाते. या कामाची विशेषता अशी, की ते यशस्वी झाले तर काहीच घडत नाही: मूल दगावत नाही, बाळंतपण अडत नाही, आणि जे टळले त्याबद्दल आभार मानायला सहसा कोणी येत नाही.

हे न घडणे मोजता येते ते केवळ संपूर्ण परिसराच्या पातळीवर. हजार जिवंत जन्मांमागे वर्ष पूर्ण होण्याआधी दगावणाऱ्या बालकांची संख्या म्हणजे अर्भकमृत्युदर. प्रकल्पाच्या गावांत तो 1971 मध्ये सुमारे 176 होता आणि 1990 च्या दशकात 20 च्या आसपास आला. अर्थात हे श्रेय केवळ घरभेटींचे नाही, कारण शेतकरी मंडळे, महिला मंडळे आणि पिण्याचे पाणी यांचाही त्यात वाटा आहे. काही गावांत हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले आणि सवर्ण घरांतील बायकांना घागर घेऊन तिथे जावे लागले.

आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, परंतु आरोग्य कार्यकर्तींना मिळाले ते वेगळेच. ज्या बाईला गावात कोणी नावाने हाक मारत नव्हते, तिला रात्री-अपरात्री बोलावणे येऊ लागले, आणि जी घरे तिला उंबऱ्याबाहेर उभी करत तिथल्याच बाळंतिणीच्या उशाशी ती बसू लागली. तिचा दिवस पूर्वीसारखाच पाणी, सरपण व खुरपणी यांचा राहिला, पण त्यात तिचे असणे मोजले जाऊ लागले.

या समाधानाचा आधार घेऊन कामाचे दाम चुकवणे मात्र समर्थनीय नाही. 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातलीच बाई हे सूत्र आशा सेविकांच्या रूपाने देशभर नेले, तेव्हा त्यांना पगारी कर्मचारी न मानता बहुतांश कामांसाठी कामागणिक मोबदला देण्याची पद्धत ठेवली गेली. दवाखान्यातील प्रसूती आणि बालकाचे लसीकरण यांची मोजदाद त्यात होते. परंतु घाबरलेल्या सुनेपाशी घटकाभर बसून तिच्या सासूची समजूत काढण्यात गेलेली दुपार कोणत्या रकान्यात भरायची, याची सोय त्या हिशेबात नाही. महाराष्ट्रातील आशा सेविकांनी मानधनवाढीसाठी वेळोवेळी संप केले आहेत.